गट पाडणे: डेटाबेस, प्रयोगशाळा, रक्तपेढी आणि यंत्रशाळा यांत ही एकच कल्पना आहे का?

तंत्रनिकेतन_शिक्षिका

नमस्कार. मी एका तंत्रनिकेतनात संगणक पदविकेच्या विद्यार्थ्यांना डेटाबेस शिकवते. ‘ग्रुप बाय’, म्हणजे नोंदींचे गट पाडण्याची आज्ञा, शिकवताना एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो. विद्यार्थ्यांच्या यादीतून तालुकावार संख्या काढली, की ज्यांचा तालुका नोंदवलेलाच नाही अशा सगळ्यांची मिळून उत्तरात एक वेगळी ओळ येते. अशा न नोंदवलेल्या मूल्याला ‘नल’ म्हणतात. एक ‘नल’ दुसऱ्या ‘नल’बरोबर आहे का, असे एसक्यूएलला, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेत, विचारले तर उत्तर ना होय येते, ना नाही, ते ‘अज्ञात’ येते, हे मी आदल्याच तासाला फळ्यावर लिहिलेले असते. मग जी मूल्ये एकमेकांच्या बरोबरीची ठरतच नाहीत ती एका गटात कशी बसली, असे मुले विचारतात, आणि त्यांचे विचारणे रास्त आहे. गट करण्यापुरता एसक्यूएलच्या प्रमाणकाने तसा नियम घालून दिला आहे, हे उत्तर परीक्षेला पुरते; माझे समाधान त्याने होत नाही.

त्यातूनच पुढचा प्रश्न पडला. आमच्याच इमारतीत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत क्षारातील धन आयन गटवार शोधले जातात, प्रॉडक्शनच्या अभ्यासक्रमात ‘ग्रुप टेक्नॉलॉजी’ नावाचे प्रकरण आहे, विद्युत विभागात ट्रान्सफॉर्मरचा व्हेक्टर ग्रुप शिकवतात आणि गणितात तर गटसिद्धान्त ही एक संपूर्ण शाखाच आहे. या सर्वांच्या मुळाशी एकच विचार आहे का? एका वस्तूला एकाच गटात जागा असावी, हा नियम सगळीकडे पाळला जातो का? आणि गट वस्तूंमध्ये आधीपासून असतात व आपण ते फक्त ओळखतो, की पाडणारा आपल्या कामाच्या सोयीने ते पाडतो? व्याख्या पुस्तकांत मिळतात. आपापल्या क्षेत्रातील एखादे प्रत्यक्ष उदाहरण घेऊन कोणी सविस्तर लिहिले, तर वर्गात सांगता येईल.

गणित_मंडळी

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर गणितात चांगले सापडते, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. वस्तूंचे गट असे पाडायचे असतील की एकही वस्तू बाहेर राहू नये आणि एकही वस्तू दोन गटांत येऊ नये, तर ज्या संबंधावरून गट पाडायचे त्याने तीन अटी पाळाव्या लागतात. प्रत्येक वस्तूचा स्वतःशी तो संबंध असला पाहिजे. पहिलीचा दुसरीशी असेल तर दुसरीचा पहिलीशीही असला पाहिजे. आणि पहिलीचा दुसरीशी व दुसरीचा तिसरीशी असेल तर पहिलीचा तिसरीशीही असलाच पाहिजे. अशा संबंधाला सममूल्य संबंध म्हणतात. आता एसक्यूएलमधील ‘बरोबर’ हा संबंध ‘नल’च्या बाबतीत पहिल्याच अटीला नापास होतो, कारण ‘नल’ स्वतःच्याही बरोबरीचा ठरत नाही. त्यामुळे त्या संबंधावर गट उभेच राहू शकत नाहीत. म्हणून गट करताना प्रमाणक वेगळा संबंध वापरते: ही दोन मूल्ये एकमेकांपासून वेगळी दाखवता येतात का? दोन ‘नल’ वेगळे दाखवता येत नाहीत, म्हणून ते एकत्र बसतात. मुलांना जी विसंगती वाटते ती प्रत्यक्षात दोन निरनिराळ्या संबंधांची सरमिसळ आहे.

तीन अटींपैकी व्यवहारात सर्वांत जास्त त्रास देते ती तिसरी. ‘ज्यांच्या गुणांत पाचापेक्षा कमी फरक आहे ते एका गटात’ असा नियम केला, तर ६० आणि ६४ एकत्र येतात, ६४ आणि ६८ एकत्र येतात, पण ६० आणि ६८ एकत्र येत नाहीत. जवळ असणे हा संबंध साखळीने पुढे जात नाही. म्हणूनच वारंवारता सारणी करताना आपण जवळपणा सोडून देतो आणि ६० ते ६५, ६५ ते ७० असे वर्ग आखून मोकळे होतो. मग ६४ आणि ६६ शेजारी असूनही वेगळे पडतात, याची खंत करायची नाही.

गटसिद्धान्तातील गट मात्र निराळा. तेथे गट म्हणजे सारख्या वस्तूंचा पुंजका नसून क्रियांची एक बंदिस्त रचना असते: दोन क्रिया लागोपाठ केल्या तर तिसरी त्याच रचनेतील मिळते, त्यांची जोडणी कशीही कंसात घातली तरी उत्तर बदलत नाही, काहीही न करणे हीदेखील एक क्रिया मानली जाते आणि प्रत्येक क्रिया उलटवता येते. समीकरणांची मुळे आपापसांत कशी अदलाबदल करता येतात याचा विचार करताना फ्रेंच गणिती गालोआ या कल्पनेपर्यंत पोहोचला. १८३२ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी तो वारला आणि त्याचे लेखन लिऊव्हिलने १८४६ मध्ये छापले. तरीही आपल्या विषयाशी त्याचा धागा जुळतोच. चौरसाचे चार कोपरे काळ्या किंवा पांढऱ्या रंगाने रंगवायचे असतील तर १६ प्रकारे रंगवता येतात. पण चौरस फिरवून जे एकमेकांवर तंतोतंत बसतात ते एकच मानले, तर उरतात फक्त ६. ‘फिरवल्यावर सारखे’ हा सममूल्य संबंध आहे, आणि तो तीन अटी पाळतो त्याचे कारण हेच की फिरवण्याच्या क्रियांचा गटसिद्धान्ताच्या अर्थाने गट होतो. काहीही न करण्याची मुभा पहिली अट देते, उलटे फिरवता येणे दुसरी आणि लागोपाठ फिरवता येणे तिसरी. सारखेपणा ठरवताना कोणते बदल माफ करायचे, हे गटसिद्धान्तातला गट सांगतो.

क्षार_पृथक्करण

रसायनातील ‘गट’ या बाबतीत बेशिस्त आहेत, आणि त्यातच त्यांची मौज आहे. आवर्त सारणीतील गटांबद्दल बरेच लिहिले जाते, ते मी सोडून देतो. क्षारांच्या गुणात्मक पृथक्करणात पहिल्या गटासाठी विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात. शिसे, चांदी आणि मर्क्युरस पारा यांचे क्लोराइड खाली बसतात. गाळून उरलेल्या आम्लयुक्त द्रावणात हायड्रोजन सल्फाइड सोडला की तांबे, कॅडमियम, बिस्मथ वगैरे दुसऱ्या गटातील धातू सल्फाइड होऊन खाली बसतात. तोच वायू पुढे चौथ्या गटासाठी अमोनियायुक्त द्रावणात सोडतात, तेव्हा जस्त, मँगनीज, कोबाल्ट आणि निकेल खाली बसतात. वायू एकच, पण आम्लामुळे सल्फाइड आयनांचे प्रमाण इतके दबलेले असते की ज्यांची विद्राव्यता फारच कमी आहे तेच दुसऱ्या गटात अडकतात. क्रम चुकवून सुरुवातीलाच अमोनिया घातला, तर दुसरा व चौथा असा भेदच उरत नाही.

शिसे तर पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही गटांत सापडते. त्याचे क्लोराइड थंड पाण्यातही थोडे विरघळते, गरम पाण्यात बरेच विरघळते. म्हणून पहिल्या गटात ते पूर्णपणे अडकत नाही आणि उरलेला अंश दुसऱ्या गटात काळा सल्फाइड होऊन पुन्हा हजर होतो. त्याच्या उलट प्रकार लोहाचा. तिसऱ्या गटात ते नीट यावे म्हणून आधी द्रावण उकळून हायड्रोजन सल्फाइड घालवतात आणि तीव्र नायट्रिक आम्लाचे काही थेंब टाकून फेरसचे फेरिक करून घेतात. म्हणजे गट वस्तूसाठी बदलला जात नाही; वस्तूच गटासाठी बदलून घेतली जाते. या गटांचे अस्तित्व गाळणकागदापुरते आहे, हे ज्याने बाकावर उभे राहून क्षार ओळखला आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

रक्तपेढी_तंत्रज्ञ

गट वस्तूंमध्ये असतात की चाचणीमध्ये, या प्रश्नाचे आमच्या क्षेत्रातील उदाहरण मुंबईचेच आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

लँडस्टायनरने १९०१ मध्ये ए, बी आणि सी असे तीन रक्तगट मांडले. एबी गट पुढच्या वर्षी इतरांना सापडला आणि ‘सी’चे नाव कालांतराने ‘ओ’ झाले. नीट पाहिले तर ओ हा ‘यांपैकी काही नाही’ असा गट आहे: ज्या लाल पेशींचे अँटी-ए आणि अँटी-बी या चाचणीच्या दोन द्रवांपैकी एकानेही गोळे होत नाहीत, त्या पेशी ओ. वरवर पाहता येथे शंकेला जागा दिसत नाही. परंतु ‘काही नाही’ या नकारात कोण कोण लपलेले आहे, हे त्या दोन बाटल्या सांगू शकत नाहीत.

१९५२ मध्ये मुंबईच्या डॉ. य. म. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा व्यक्तींची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांच्या पेशी ओ गटासारख्या वागत होत्या, पण ज्यांचा सीरम, म्हणजे रक्तातील पेशी वगळून उरणारा द्रव, ओ गटाच्या पेशींचेही गोळे करत होता. यालाच बॉम्बे गट म्हणतात. कारण असे की ए आणि बी हे दोन्ही प्रतिजन ‘एच’ नावाच्या एका पायाभूत रेणूवर एकेक साखर जोडून तयार होतात. ओ गटाच्या माणसाकडे हा एच भरपूर असतो, फक्त त्यावर पुढची साखर चढलेली नसते. बॉम्बे गटाच्या माणसाकडे एचच नसतो. त्यामुळे त्याच्या जनुकांत ए किंवा बी असला तरी तो पेशीवर दिसायला आधार उरत नाही, आणि त्याच्या सीरममध्ये एचच्या विरुद्ध प्रतिपिंडे असतात. त्याला ओ गटाचे रक्त दिले तर ती प्रतिक्रिया जीवघेणी ठरू शकते. त्याला रक्त चालते ते केवळ दुसऱ्या बॉम्बे गटाच्या दात्याचे, आणि भारतात हे प्रमाण साधारणपणे दहा हजारांत एक असे सांगितले जाते.

पेढीत हे पकडले कसे जाते? पेशींची चाचणी, म्हणजे फॉरवर्ड ग्रुपिंग, झाल्यावर आम्ही रिव्हर्स ग्रुपिंग करतो: रुग्णाचा सीरम घेऊन तो माहीत असलेल्या ए पेशींवर आणि बी पेशींवर टाकतो. खरा ओ असेल तर दोन्हींचे गोळे होतात. बॉम्बे असेल तरीही दोन्हींचे होतात. तिसऱ्या नळीत ओ पेशी ठेवल्या असतील तरच फरक कळतो, कारण खऱ्या ओ माणसाचा सीरम त्यांना हात लावत नाही आणि बॉम्बे माणसाचा लावतो. खात्रीसाठी युलेक्स युरोपीयस या झुडपाच्या बियांपासून काढलेले अँटी-एच वापरतात. ती तिसरी नळी नसेल, तर बॉम्बे गट त्या पेढीपुरता अस्तित्वातच नसतो. क्रॉसमॅच करताना, म्हणजे दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळते का ते पाहताना, कोणतीच ओ पिशवी जुळत नाही, तेव्हाच शंका येते. बॉम्बे गटाच्या बापाला, ज्याच्या कागदावर ओ लिहिलेले आहे, बी गटाचे मूल झाले आणि त्यावरून घरात नको ते संशय घेतले गेले, असे प्रसंग या गटामुळे उद्भवू शकतात, हेही डॉक्टरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या दुसऱ्या प्रश्नाला थेट भिडते. रक्त पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे ज्यावरून ठरते तो आरएच डी हा प्रतिजन काही लोकांमध्ये फार क्षीण असतो. त्याला वीक डी म्हणतात. असा माणूस रक्त देतो तेव्हा त्याची पिशवी आरएच पॉझिटिव्ह म्हणून नोंदवतात, कारण तेवढा क्षीण डीदेखील निगेटिव्ह रुग्णाला त्रास देऊ शकतो. तोच माणूस रुग्ण म्हणून आला तर परंपरेने त्याला निगेटिव्ह धरतात, कारण पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध त्याच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होण्याची शक्यता नाकारता येत नाही. एकच माणूस देताना एका गटात आणि घेताना दुसऱ्या गटात, आणि दोन्ही निर्णय बरोबर.

तंत्रनिकेतन_शिक्षिका

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. वीक डीचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते, कारण तेथे गट ठरवताना ‘पुढे याचे काय करायचे आहे’ हा प्रश्न आधी विचारला जातो. मात्र रक्तगटात चूक झाली तर जीव जातो, म्हणून तेथे सावधगिरीच्या बाजूने झुकणे समजण्यासारखे आहे. जेथे धोका इतका थेट नाही, केवळ सोय आणि खर्च एवढाच प्रश्न आहे, तेथेही एकाच वस्तूचे दोन गट होतात का?

यंत्रशाळा_भोसरी

होतात, आणि त्यावरून एकाच कारखान्यातील दोन विभागांत वर्षानुवर्षे वाद चालतो.

एकाच प्रकारचे लाखो नग काढणाऱ्या कारखान्याला गटांची चिंता नसते. त्याची लाइन त्या नगासाठीच बसवलेली असते. अडचण छोट्या बॅचमध्ये शेकडो निरनिराळे जॉब, म्हणजे यंत्रावर घडवायचे नग, काढणाऱ्या शॉपची. तेथे जुन्या पद्धतीने लेथ एका विभागात, मिलिंग दुसऱ्यात, ग्राइंडिंग तिसऱ्यात अशी मांडणी असते. जॉब प्रत्यक्ष यंत्रावर थोडाच वेळ असतो आणि बाकीचा काळ ट्रॉलीवर आपला नंबर लागण्याची वाट पाहत पडून राहतो. शिवाय प्रत्येक नव्या जॉबला सेटिंग बदलण्यात जो वेळ जातो त्याचे बिल कोणत्याच गिऱ्हाइकाला लावता येत नाही. ग्रुप टेक्नॉलॉजीचा जन्म या दुखण्यातून झाला.

सोव्हिएत संघात १९५० च्या दशकात मित्रोफानोव्ह यांनी यावर जी युक्ती काढली ती मला आजही सर्वांत सुंदर वाटते. लेथवर निघणारे दहा-पंधरा जॉब समोर ठेवायचे आणि त्या सर्वांची वैशिष्ट्ये, म्हणजे पायरी, खाच, आटे, चॅम्फर, मधले भोक, एकत्र असलेला एक जॉब कागदावर रचायचा. असा जॉब कोणी मागवलेला नसतो आणि कोणी मागवणारही नाही. पण टरेट लेथचे टूलिंग त्या कल्पित जॉबसाठी एकदा बसवले, की गटातील प्रत्येक खरा जॉब त्यातील नको ती टूल्स वगळून काढता येतो. गट म्हणजे कोणत्या जॉबना एकच सेटिंग पुरेल, त्यांची यादी.

पुढे दोन वाटा फुटल्या. जर्मनीतील आखेन येथे ओपिट्झ यांनी ड्रॉइंगवरून जॉबला क्रमांक देण्याची पद्धत बसवली: पहिले ५ अंक आकारासाठी आणि पुढचे ४ अंक मापे, धातू, कच्च्या मालाचा आकार आणि अचूकता यांसाठी. ज्यांचे अंक जुळतात ते एका कुटुंबातले. इंग्लंडमध्ये बर्बिज यांनी ड्रॉइंगकडे पाहायचेच नाही असे ठरवून फक्त रूट कार्डे गोळा केली: कोणता जॉब कोणकोणत्या यंत्रांवरून जातो, एवढेच.

आता दोन शाफ्ट घ्या. दोघांची लांबी, पायऱ्या आणि चावीची खाच सारखी, म्हणून आकाराचे पाचही अंक सारखे. एक साध्या माइल्ड स्टीलचा, ढिल्या मापाचा. तो लेथवरून उतरला, मिलिंगवर खाच मारली की संपला. दुसरा अॅलॉय स्टीलचा. त्याला लेथ आणि मिलिंगनंतर हीट ट्रीटमेंट आणि मग सिलिंड्रिकल ग्राइंडिंग लागते. डिझाइन विभागाच्या दृष्टीने हे दोघे भाऊ आहेत, कारण नवे ड्रॉइंग काढण्याआधी असाच एखादा शाफ्ट जुन्या ड्रॉइंगमध्ये आहे का, हे त्यांना शोधायचे असते. शॉपच्या दृष्टीने त्यांचा एकमेकांशी अर्धाच संबंध आहे. उलट एखादा फ्लँज आणि एखादी बुश दिसायला कितीही वेगळे असले तरी त्याच दोन यंत्रांवरून जात असतील तर शॉपमध्ये ते एका सेलचे, म्हणजे एकत्र मांडलेल्या यंत्रांच्या एका संचाचे. डिझाइनवाल्यांचे कुटुंब घेऊन शॉपची मांडणी केली, तर सेल कागदावर देखणे होतात आणि जॉब मात्र पूर्वीसारखेच शॉपभर हिंडत राहतात.

रूट कार्डांवरून सेल कसे पाडतात तेही सांगतो, कारण संगणकाच्या मुलांना ते करून पाहता येईल. एका बाजूला यंत्रे, दुसऱ्या बाजूला जॉब असा तक्ता करायचा आणि जो जॉब ज्या यंत्रावर जातो तेथे १ लिहायचा, बाकी ०. किंग यांनी १९८० मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक द्विमान संख्या मानून ओळी उतरत्या क्रमाने लावतात, मग उभ्या रकान्यांचे तसेच करतात, आणि क्रम बदलायचा थांबेपर्यंत हे आळीपाळीने चालू ठेवतात. नशीब चांगले असेल तर सगळे १ कर्णाच्या कडेने चौकोनी पुंजक्यांत गोळा होतात. प्रत्येक पुंजका म्हणजे एक सेल.

नशीब सहसा तितके चांगले नसते. दोन-चार १ पुंजक्यांच्या बाहेर हटकून उरतात. एखाद्या जॉबला दुसऱ्या सेलमधील एकच यंत्र लागते, किंवा हीट ट्रीटमेंटची भट्टी सगळ्यांनाच लागते आणि ती एकच असते. शिवाय तिची धग आणि धूर पाहता ती लेथच्या शेजारी बसवता येत नाही. मग दुसरे यंत्र विकत घ्यायचे, त्या जॉबची प्रक्रिया बदलायची, तो बाहेरून करून घ्यायचा किंवा डिझाइनवाल्यांना विनंती करून ती एक खाच काढून टाकायची, असे पर्याय असतात. माझ्या मते सेल पाडण्याचे निम्मे काम या उरलेल्या १ वरच असते. पुंजके तर संगणकही पाडून देतो.

वारंवारता_सारणी

येथवरच्या सर्व उदाहरणांत गट पाडल्याने काम सुकर होते असे दिसते. गट पाडल्याने किंवा न पाडल्याने निष्कर्षच उलटतो, असे उदाहरण संख्याशास्त्रात प्रसिद्ध आहे, ते येथे नोंदवून ठेवतो.

१९७३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पदव्युत्तर प्रवेशांत ८,४४२ पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४४ टक्के आणि ४,३२१ स्त्री अर्जदारांपैकी सुमारे ३५ टक्के घेतले गेले. एवढ्यावरून स्त्रियांवर अन्याय झाला असे कोणीही म्हणेल. पण विभागवार गट पाडले तेव्हा चित्र बदलले. सर्वांत मोठ्या ६ विभागांपैकी ४ विभागांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होते. एका विभागात तर ८२५ पुरुषांपैकी ६२ टक्के आणि १०८ स्त्रियांपैकी ८२ टक्के घेतले गेले होते. जेथे प्रवेश मिळणे मुळातच कठीण, अशा विभागांकडे स्त्रियांचे अर्ज जास्त प्रमाणात गेले होते, म्हणून एकत्रित बेरजेत त्या मागे पडल्या. हे विश्लेषण १९७५ मध्ये बिकेल, हॅमल आणि ओ’कॉनल यांनी प्रसिद्ध केले.

यावरून ‘नेहमी बारीक गट पाडावेत’ असा धडा काही जण काढतात, तो मला मान्य नाही. विभागवार गट येथे योग्य होते, कारण प्रवेशाचा निर्णय विभाग घेत होते. रक्तदाब कमी करणाऱ्या औषधाचा उपयोग तपासताना, औषध घेतल्यानंतर ज्यांचा रक्तदाब कमी झाला आणि ज्यांचा झाला नाही असे गट पाडून प्रत्येक गटात औषधाचा परिणाम शोधू लागलो, तर जो परिणाम शोधायचा तोच गट पाडताना पुसला जातो. कोणत्या आधारावर गट पाडायचे, हे आकड्यांतून कळत नाही. ते आकडे कसे घडले याच्या माहितीतून कळते.

सूत्रपाठी

व्याकरण हेही तांत्रिक शास्त्रच आहे, म्हणून दोन शब्द. कवर्ग, चवर्ग, टवर्ग हे आपल्याला शाळेपासून पाठ असलेले वर्ग उच्चारस्थानावर बेतलेले आहेत आणि त्यांत प्रत्येक व्यंजनाला एकच जागा आहे. पाणिनीने मात्र १४ माहेश्वर सूत्रांत वर्णांचा क्रम निराळाच लावला, कारण त्याला हवे होते ते गट नियमांना लागणारे होते. एक वर्ण आणि पुढच्या एखाद्या सूत्राचा अंत्य वर्ण घेतला, की मधले सगळे वर्ण एका नावात सामावतात: ‘अच्’ म्हणजे सर्व स्वर, ‘हल्’ म्हणजे सर्व व्यंजने. ‘इको यणचि’ या एका सूत्रात तीन गट आहेत: पुढे विजातीय स्वर आला तर इ, उ, ऋ, ऌ यांच्या जागी अनुक्रमे य, व, र, ल येतात, म्हणून अति आणि अंत मिळून अत्यंत होतो, सु आणि आगत मिळून स्वागत होते.

हे गट एकमेकांत बिनदिक्कत घुसतात. ‘इक्’ हा ‘अच्’च्या आत आहे, ‘यण्’ हा ‘हल्’च्या आत. आणि ह हा वर्ण तर यादीत दोनदा आला आहे, एकदा ‘हयवरट्’ मध्ये व पुन्हा शेवटच्या ‘हल्’ मध्ये, कारण काही नियमांना तो य, व, र यांच्या सोबत लागतो आणि काहींना श, ष, स यांच्या सोबत. एका जागी ठेवला असता तर कोणता तरी नियम लांबवावा लागला असता. सूत्र एका मात्रेनेही लांबू नये म्हणून धडपडणाऱ्या परंपरेने वर्ण दोनदा लिहिणे पत्करले, यावरून गट कोणासाठी होते ते उघड आहे.

गणित_मंडळी

सूत्रपाठी आणि यंत्रशाळा_भोसरी यांच्या उदाहरणांमुळे माझ्या पहिल्या उत्तराची मर्यादा आखणे सोपे झाले. गटांमधून बेरीज काढायची असेल तर सममूल्य संबंधाची तिन्ही पथ्ये पाळलीच पाहिजेत, नाहीतर एकच वस्तू दोनदा मोजली जाईल किंवा मुळीच मोजली जाणार नाही. गटांचा उपयोग शोधण्यासाठी किंवा नियम लावण्यासाठी असेल, तर ते एकमेकांवर पडले तरी बिघडत नाही. पाणिनीला बेरीज करायची नव्हती. युनिक्समध्येही एक वापरकर्ता अनेक ग्रुपमध्ये असू शकतो, पण एका फाइलचा ग्रुप एकच असतो, कारण पहिल्या बाबतीत ‘याला परवानगी आहे का’ एवढेच पाहायचे असते.

आपल्या वर्गासाठी याचा प्रयोग सोपा आहे. विद्यार्थ्यांच्या यादीला त्यांनी घेतलेल्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमांची यादी जोडा आणि अभ्यासक्रमावर ‘ग्रुप बाय’ लावा. जिने दोन अभ्यासक्रम घेतले आहेत ती विद्यार्थिनी दोन ओळींत मोजली जाईल. प्रत्येक ओळ आपापल्या जागी बरोबर असेल आणि सगळ्या ओळींची बेरीज विद्यार्थ्यांच्या खऱ्या संख्येपेक्षा जास्त भरेल. ज्यांनी एकही अभ्यासक्रम घेतला नाही ते साध्या जॉइनमध्ये, म्हणजे फक्त जुळणाऱ्या नोंदी जोडल्या तर, दिसणारच नाहीत. पहिल्या यादीतील सर्व नोंदी ठेवणारा लेफ्ट जॉइन केला तर तेच आपल्या ‘नल’च्या ओळीत येऊन बसतील. एकूण आकडा हवा असेल तर तो ओळींच्या बेरजेतून न काढता हजेरी क्रमांकावर ‘काउंट डिस्टिंक्ट’ लावून, म्हणजे प्रत्येक क्रमांक एकदाच मोजून, वेगळा काढावा, आणि अहवालाच्या तळाशी वरील ओळींची बेरीज या संख्येशी जुळणार नाही असे स्पष्ट छापावे. नाहीतर कार्यालयातील कोणीतरी गणकयंत्र घेऊन ती बेरीज करतेच आणि फरक कुठून आला ते विचारायला वर्गाच्या दाराशी येते.